'बिहेवियर थेरपी' म्हणजे पोराला बदलायची का? (मुलगा अकरावीत आहे, मार्गदर्शन हवंय)

काळीमाती (धागाकर्ता), रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. जळगाव जिल्ह्यातला आहे, तालुका सांगत नाही कारण आमच्याकडे ओळख पटायला दोन मिनिटं लागत नाहीत. थोडी केळी, थोडा कापूस आणि पतसंस्थेत नोकरी. मोठा मुलगा अकरावी सायन्सला. दहावीपर्यंत एकदम बोलका, कानबाईच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे नाचणारा. गेल्या दिवाळीपासून गप्प गप्प राहायला लागला, आम्हाला वाटलं अभ्यासाचं टेन्शन असेल.

आखाजीला बहीण माहेरी आली होती तेव्हा तिने त्याच्या हातावर खुणा बघितल्या, त्याने स्वतःच करून घेतलेल्या. त्याच्या आईने रात्री जवळ बसवून विचारलं, काय व्हयनं रे भाऊ, तर खूप वेळाने एवढंच बोलला की मला मुली नाही मुलं आवडतात, मी लय प्रयत्न केला पण जात नाही. वहीत पण लिहिलेलं सापडलं की जगून काय उपयोग.

खरं सांगतो, पहिले तीन दिवस मी त्याच्याशी बोललोच नाही. राग होता का भीती होती मलाच कळत नव्हतं. मग साल्याने एक डॉक्टर सुचवला, मोठ्या शहरातला. तो म्हणे सहा महिने बिहेवियर थेरपी करू, मुलगा नॉर्मल होईल, ॲडव्हान्स पंधरा हजार. दोन वेळा नेलं. दुसऱ्या वेळी घरी आल्यावर पोरगं दोन दिवस जेवलं नाही, आत काय झालं विचारलं तर सांगत नाही.

परवा सरकारी दवाखान्यात दाखवलं, तिथल्या मॅडम चांगल्या बोलल्या, पण त्या पण म्हणतात की याला डीबीटी नावाची बिहेवियर थेरपी लागेल. आता माझं डोकंच चालेना. दोघांचा शब्द एकच. दोन्ही एकच आहे का? कोणाचं ऐकू? कृपया समजून सांगा, मोठी मोठी भाषा नको.

गिरणाकाठ, रात्री ११:४१

जिभाऊ, मी मानसोपचार क्षेत्रात आहे, मूळ चाळीसगावकडची, आता नाशिकला असते. सविस्तर उद्या लिहीन, आज रात्रीपुरतं एवढं करा. तुम्ही शेतकरी म्हणून आधी हेच विचारते, फवारणीची औषधं घरात आहेत का? असतील तर आत्ता उठा आणि घराबाहेर कुलपात टाका, चावी घराबाहेरच्या माणसाकडे द्या, मुलाच्या हाती लागणार नाही अशी. आजीच्या बीपी-शुगरच्या गोळ्या पण. आज त्याला एकट्याला झोपू देऊ नका. आणि सरळ विचारा, "बेटा, मरून जावं असं मनात येतं का?" विचारल्याने डोक्यात नवीन काही भरत नाही, उलट मोकळं होतं. तो हो म्हणाला आणि तुम्हाला सांभाळलं जाईल असं वाटलं नाही तर जवळच्या सरकारी दवाखान्यात आत्ताच न्या. टेलिमानसचा (मानसिक त्रासासाठी सरकारची फोनवरची मदत) १४४१६ नंबर रात्री पण चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि त्या पहिल्या डॉक्टरकडे परत पाठवू नका. का ते उद्या सांगते.

काळीमाती, रात्री १२:३५

केलं ताई. औषधं भावाच्या गोडाउनला टाकून आलो, चावी त्याच्याकडेच. विचारलं पण. हो म्हणाला, येतं मनात, पण आज करणार नाही म्हणाला. १४४१६ ला त्याच्या आईने लावून दिला, वीस मिनिटं बोलला. आता मी त्याच्या शेजारीच अंथरूण टाकलंय.

बोदवडवाला, सकाळी ७:१०

भाऊ तुमचं दुःख समजतं, मला पण दोन पोरं आहेत म्हणून मनापासून बोलतो, राग मानू नका. सोळा वर्षाच्या पोराला काय कळतं? मोबाईलवर काहीबाही बघतात आणि तसंच डोक्यात बसतं. वय आहे, निघून जाईल. थेरपीबिरपी करून उगाच शिक्का बसेल, पुढे लग्नाला अडचण. एखादं वर्ष मामाकडे ठेवा, मोबाईल काढून घ्या, शेतात कामाला लावा.

गिरणाकाठ, सकाळी १०:०५

बोदवडवाले भाऊ, तुमचा हेतू वाईट नाही हे कळतंय, पण आधी जिभाऊंच्या प्रश्नाचं उत्तर देते, तुमचं त्यातच येईल.

बिहेवियर थेरपी हा शब्द गोळीसारखा आहे जिभाऊ. गोळी म्हटल्याने कशावरची ते कळत नाही ना, तसंच. १९६०-७० च्या काळात इंग्लंड-अमेरिकेत बिहेवियर थेरपीच्याच नावाखाली समलिंगी माणसांना विजेचे झटके देणं, उलटीचं औषध देऊन फोटो दाखवणं असले प्रकार डॉक्टरांनीच केलेत. त्याने कोणाचं आकर्षण बदललं नाही, माणसं मात्र मोडली. १९७३ ला अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, १९९० ला जागतिक आरोग्य संघटनेने काढली, आपल्याकडच्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने पण २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर सांगितलं. जो आजारच नाही त्यावर सहा महिन्यांचा कोर्स कुठून येणार? त्या पहिल्या डॉक्टरचं हेच चुकलं. त्याने तुमच्या पोराच्या आवडण्यालाच रोग ठरवलं.

दुसऱ्या मॅडम सांगतायत ते वेगळं. डीबीटी म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मार्शा लिनेहन यांनी ती बांधली, पहिला मोठा अभ्यास १९९१ चा. मुळात ती होती वारंवार जीव द्यायचा प्रयत्न करणाऱ्या बायकांसाठी, नंतर ॲलेक मिलर आणि जिल रॅथस वगैरेंनी किशोरवयीन मुलांसाठी तिची मांडणी केली आणि त्यात आईबापांनाही शिकायला बसवलं. यात बदलायची असते ती त्रास अंगावर आल्यावर माणूस जे करतो ती कृती. म्हणजे हाताला इजा करणं, जेवण सोडणं, खोलीत कोंडून घेणं. त्याला मुलगे आवडतात ही या थेरपीत बदलायची गोष्टच नाही.

आता बोदवडवाले भाऊ, सोळाव्या वर्षी कळतं का. बऱ्याच जणांना कळतं. काहींना अजून चाचपडायचं असतं, तेही चालतं, चांगला थेरपिस्ट कुठलाच शिक्का मारायची घाई करत नाही. पण हातावरच्या खुणा आज आहेत आणि वहीतलं वाक्य आज आहे, त्याला वय निघून जायची वाट बघता येत नाही. आणि मोबाईल काढून मामाकडे पाठवणं म्हणजे त्याचं बोलायचं माणूस तोडणं, यात धोका वाढतो.

मेहरूणकर, दुपारी १:३०

मी जळगावचा, आता पुण्यात आयटीत, वय चौतीस. मी गे आहे. इथे पहिल्यांदाच लिहितोय हे.

मला पण अकरावीतच नेलं होतं. डॉक्टर नाही, एका बाबाकडे. मग एका कौन्सेलरकडे, त्याने रबरबँड मनगटात घालायला लावला, असा विचार आला की ओढून सोडायचा. चार महिने मी ते केलं प्रामाणिकपणे. विचार गेले नाहीत, पण दुखलं की बरं वाटतं हे मात्र शिकलो. पुढची सहा-सात वर्षं त्यात गेली. म्हणून काका, पहिल्या डॉक्टरने आत काय करायला लावलं ते मुलाला आत्ता विचारू नका, थेरपिस्टला कधीतरी सांगेल तो. फक्त त्याला एवढं सांगा की तिथे नेलं ही आमची चूक झाली, परत नेणार नाही. माझे वडील वारले, हे वाक्य मला ऐकायला मिळालं नाही.

थेरपी मी पुण्यात आल्यावर केली, पूर्ण डीबीटी नाही पण त्यातली कौशल्यं. लाट आली की पहिली दहा-पंधरा मिनिटं कशी काढायची हे शिकलो. गार पाण्यात तोंड बुडवायचं, श्वास सोडताना जास्त वेळ लावायचा, असल्या साध्या गोष्टी. ऐकायला काहीच वाटत नाही, पण रात्री दोन वाजता तेवढंच हातात असतं.

वकील_नंदुरबार, दुपारी ३:१५

कायद्याचं थोडक्यात सांगतो कारण पंधरा हजार घेतलेत म्हणून राहवत नाही. ७ जून २०२१ ला मद्रास हायकोर्टाच्या न्या. आनंद व्यंकटेश यांनी मदुराईहून चेन्नईला आलेल्या दोन मुलींच्या केसमध्ये लैंगिक कल 'बरा' करायचे वैद्यकीय प्रयत्न बंद करा असं सांगितलं. त्या जजसाहेबांनी निकाल लिहायच्या आधी आपल्याला हा विषय कळत नाही असं कबूल करून स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे बसून समजून घेतलं होतं, मला हे फार मोठं वाटतं. त्याच केसमधून पुढे २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना कळवलं की कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे असा कल बदलायचे 'उपचार', हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे. म्हणजे तो माणूस नोंदणीकृत डॉक्टर असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. पावती, चिठ्ठी, मेसेज जपून ठेवा. घाई नाही, आधी पोरगं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करायचा नाही असं स्पष्ट लिहिलंय. आणि जीव द्यायचा प्रयत्न केला म्हणून पोलीस पोराला आत टाकतील ही भीती असेल तर ती सोडा, तो माणूस तीव्र ताणात होता असंच कायदा धरतो आणि उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकतो. या भीतीने आपल्याकडची माणसं दवाखान्यात नेत नाहीत म्हणून मुद्दाम लिहिलं.

अक्का_धुळे, संध्याकाळी ६:५०

जिभाऊ, मी धुळ्याची, रिटायर शिक्षिका. माझ्या मुलीला मुली आवडतात. ती आता एकोणतीसची आहे, बंगळुरूला नोकरी करते, छान आहे. पण सतराव्या वर्षी तिला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, आणि तो दोष मी माझ्याकडे घेते, कारण मी तिला मारलं नाही की घरातून काढलं नाही पण मी वर्षभर तिच्याशी फक्त कामापुरतं बोलले. जेवायला ये. डबा घे. दार लाव. एवढंच. आपल्याकडे अबोला ही शिक्षा समजत नाहीत पण पोरांना ती मारापेक्षा लागते.

नंतर मी वाचायला लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधक केटलिन रायन यांनी २१ ते २५ वयाच्या दोनशे चोवीस मुलामुलींना विचारलं की तुम्ही लहान असताना घरचे कसे वागले. २००९ ला छापून आलं. ज्यांना घरात फार नाकारलं गेलं त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, ज्यांना नाकारलं गेलं नाही किंवा अगदी थोडंच नाकारलं गेलं त्यांच्यापेक्षा आठ पटीहून जास्त. आठ पट! मी तो आकडा वाचून स्वयंपाकघरात बसून रडले. पण रायन यांच्याच लिखाणात माझ्यासारखीला धरून ठेवणारी एक गोष्ट होती, घरच्यांनी नाकारणं थोडं कमी केलं तरी धोका बराच उतरतो. एका दिवसात सगळं मान्य करा असं कोणी म्हणत नाही. मला आजही काही गोष्टी समजत नाहीत. पण टोमणा मारायचा नाही, मैत्रिणीचा फोन आला की तोंड वाकडं करायचं नाही, लग्नात तिला लपवायचं नाही, इतकं मी करू शकत होते आणि केलं.

थेरपी पोराची चालू करताय ना, मग घराची पण करा.

बोदवडवाला, रात्री ८:३०

अक्का तुमचं वाचलं. दोनदा वाचलं. माझा धाकटा पण घरात बोलत नाही आजकाल, कारण वेगळं असेल. मामाकडे पाठवा म्हणालो ते मागे घेतो.

काळीमाती, रात्री ९:४५

सगळ्यांचे आभार, एवढे लोक आपले निघतील वाटलं नव्हतं. मेहरूणकर दादा, आज केळीला पाणी भरताना त्याला सोबत नेलं आणि तुम्ही सांगितलं ते वाक्य बोललो. तिकडे नेलं ते माझं चुकलं, परत नेणार नाही. तो काही बोलला नाही, पण येताना गाडीवर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, पाचवीनंतर पहिल्यांदा.

गिरणाकाठ ताई, डीबीटीत नक्की करतात काय? आणि आमच्या इथे कुठे मिळेल? तो अहिराणीतच मोकळा होतो, शुद्ध मराठीत विचारलं की हो-नाही एवढंच.

गिरणाकाठ, दुसऱ्या दिवशी सकाळी ९:२०

पूर्ण डीबीटीचे चार खांब असतात. आठवड्याला थेरपिस्टसोबत एकट्याचं सेशन, कौशल्यांचा वर्ग (किशोरांच्या वर्गात बहुतेक वेळा आईबाप पण), अडचणीच्या वेळी फोनवर थोडक्यात मदत, आणि थेरपिस्ट लोकांची आपसातली टीम, कारण असल्या केस एकट्याने सांभाळल्या की थेरपिस्टच थकतो. एवढं सगळं जिल्ह्याच्या ठिकाणी मिळणं अवघड आहे, खोटं सांगत नाही. मोठ्या शहरात मिळतं, ऑनलाईन मिळतं. पण अर्धं मिळालं तरी घ्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सायकियाट्रिस्ट असतात, आणि दहा ते एकोणीस वयासाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असतं, तिथून सुरुवात करा.

करतात काय ते सांगते. पोराला रोज एक कार्ड भरायचं असतं, आज इजा करावीशी किती वाटली शून्य ते पाच, लाज किती, दुःख किती, कुठलं कौशल्य वापरलं. आठवड्यात कधी इजा केली असेल तर सेशनमध्ये तिची साखळी मागे मागे उलगडतात. का केलंस असं दरडावून नाही. त्या आधी काय झालं, त्याच्या आधी काय, झोप किती झाली होती, कोण काय बोललं, अंगात कुठे काय वाटलं. मग बघतात की यातली कुठली कडी तोडता येईल.

आणि या मुलांच्या बाबतीत एक फार महत्त्वाचं, हे थेरपिस्टला पण विचारा. नेहमीच्या केसमध्ये मूल म्हणालं की सगळे मला हसतील, तर आपण म्हणतो बघ बरं, खरंच हसतात का, तुझा विचारच असेल. इथे तसं धाडकन म्हणता येत नाही कारण बऱ्याचदा खरंच हसतात. अमेरिकेतले संशोधक इलान मायर यांनी २००३ मध्ये मांडलं त्याला मायनॉरिटी स्ट्रेस म्हणतात, म्हणजे नेहमीच्या ताणाच्या वर हा जादाचा ताण, टोमण्यांचा, लपवण्याचा, कधी कळेल या धास्तीचा, आणि लोकांचं ऐकून ऐकून स्वतःलाच वाईट समजायचा. चांगला थेरपिस्ट यातलं बाहेरचं आणि आतलं वेगळं करून दाखवतो. वर्गात सांगितलं तर त्रास होईल ही भीती खरी आहे, तिथे जपून राहा, माणूस निवडून सांग. मी घाणेरडा आहे हा विचार मात्र खरा नाही, तो बाहेरून आत आलाय. डीबीटीत लाजेवर उलट कृती शिकवतात, लपावंसं वाटतं तेव्हा मान वर करून, ठरवलेल्या विश्वासू माणसासमोर बोलायचं. पण आधी तपासायचं की जागा सुरक्षित आहे का. ही पायरी गाळली तर पोरगं तोंडावर पडतं, आणि मग ते थेरपीलाच घाबरतं.

उपयोग होतो का? अमेरिकेत २०१८ ला छापलेल्या अभ्यासात जीव द्यायचा प्रयत्न आधी केलेली एकशे त्र्याहत्तर मुलंमुली होती, अर्ध्यांना डीबीटी, अर्ध्यांना दुसरी आधार देणारी थेरपी. सहा महिन्यांनी डीबीटीवाल्यांत प्रयत्न आणि इजा दोन्ही कमी. वर्षाच्या शेवटी मात्र दोन गटांतला फरक कमी झाला होता, कारण दुसऱ्या गटातली मुलंही सुधारत गेली. म्हणून जादू म्हणून बघू नका. पहिले सहा महिने, जेव्हा धोका सगळ्यात जास्त असतो, तेव्हा ती दोरी धरायला उपयोगी. शिवाय टोरंटोच्या शेली क्रेग आणि अमेरिकेतल्या ॲशली ऑस्टिन यांनी अशाच मुलांसाठी आठ सेशनचा गट बांधलाय, ॲफर्म नावाचा. त्यात विचार-भावना-कृतीचंच काम आहे पण गटातली सगळी मुलं अशीच, मला एकट्यालाच असं होतं हे तिथेच सुटतं.

अहिराणीचं म्हणाल तर उलट चांगलं आहे. माझ्याकडे शिरपूरचा एक मुलगा यायचा (ओळख बदललीय), 'एन्झायटी' म्हटलं की गप्प. मी म्हटलं तुना शब्द सांग, तर म्हणे भेव वाटस, जीव वर-खाले व्हस. त्याच्या कार्डावर आम्ही तेच शब्द लिहिले.

सातपुडा_पायथा, दुपारी १२:४०

मी ज्युनियर कॉलेजला शिकवतो चोपड्याकडे. एक विनंती, कॉलेजात सांगायचं का, कोणाला, हे पोराच्या परवानगीशिवाय ठरवू नका. माझ्या माहितीतल्या एका घरात वडिलांनी चांगल्या मनाने वर्गशिक्षकांना सांगितलं, त्यांनी स्टाफरूमला, आठवड्यात पोरांना कळलं. त्या मुलाने कॉलेज सोडलं. शिक्षक म्हणून मला लाज वाटते सांगायला.

मी माझ्यापुरतं एक केलं, वर्गात कोणी 'छक्का' म्हटलं की तास थांबवतो. आरडाओरडा नाही, फक्त थांबवतो आणि म्हणतो हा शब्द इथे चालणार नाही. दोन वर्षं झाली, आता पोरंच एकमेकांना थांबवतात. तृतीयपंथी लोकांबद्दल पण बोलतो. आपल्या फैजपूरच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या शमिभा पाटील यांना २०२४ ला रावेर विधानसभेसाठी वंचित बहुजन आघाडीने उमेदवारी जाहीर केली तेव्हा वर्गात तासभर चर्चा झाली, एरवी शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसणारा एक विद्यार्थी त्या दिवशी तीन प्रश्न विचारून गेला.

वकील_नंदुरबार, दुपारी १:०५

सरांच्या मुद्द्यात एक भर. थेरपिस्ट आणि मुलातलं बोलणं गुप्त राहतं, आईबापाने खोदून विचारू नये. अपवाद जिवाला धोका असेल तेव्हा, आणि अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर, कारण पोक्सो कायद्याखाली ते कळवणं बंधनकारक आहे. थेरपिस्टने पहिल्याच दिवशी हे मुलाला सांगायला हवं. सांगितलं नाही तर तुम्ही विचारा.

काळीमाती, चार आठवड्यांनी, रात्री १०:१५

मंडळी, उशीर झाला, लागवडीत अडकलो होतो.

सरकारी दवाखान्यातल्या मॅडमनी झोपेसाठी आणि उदासीसाठी गोळी चालू केली, ती त्याची आई रोज हातात देते. डीबीटीचं ऑनलाईन चालू केलं, थेरपिस्ट पुण्याचे आहेत, एका सेशनचे बाराशे घेतात, परिस्थिती सांगितली तर आठशे केले. घरात रेंज येत नाही म्हणून तो मळ्यातल्या खोलीत बसून बोलतो, मी बाहेर बांधावर लांब बसतो, ऐकू येणार नाही इतका लांब. शनिवारी पालकांचा क्लास असतो, मी आणि मिसेस दोघं. त्यात व्हॅलिडेशन म्हणून शिकवलं, म्हणजे त्याला जे वाटतंय ते समजतंय असं आधी म्हणायचं, उपाय नंतर. मला हे फार जड गेलं. पोरगं म्हणालं की भीती वाटते, की माझ्या तोंडातून लगेच "भ्यायचं कशाला" येतं. पन्नाशीला आलो, माझ्या बापाने मला तेच सांगितलं, मी त्याला तेच सांगत होतो. आता "हां, वाटत असेल" एवढं म्हणून गप्प बसायची सवय करतोय.

दुसऱ्या आठवड्यात परत एकदा हाताला केलं त्याने. मी कोसळलो होतो. पण थेरपिस्टनी साखळी काढली आणि त्याच्या परवानगीने आम्हाला थोडं सांगितलं. त्या रात्री भाऊबंदकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी बायकी चालीवरचा विनोद टाकला होता, आणि त्याच्या खाली हसण्याचं चित्र मी टाकलं होतं. मी. बघितलं पण नव्हतं नीट, सगळे टाकतात म्हणून टाकलं. त्या साखळीतली एक कडी माझा अंगठा होता. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर लिहिलं की असले विनोद टाकू नका, मला आवडत नाहीत. एवढंच, कारण दिलं नाही. एक-दोघांनी विचारलं काय झालं, मी उत्तर दिलं नाही. पोराने वाचलं असणार, तो पण त्या ग्रुपमध्ये आहे.

त्यानंतर आजपर्यंत सतरा दिवस काही नाही. कार्डावर इजेच्या रकान्यात तीन-चार असायचं तिथे एक-दोन येतं. कधी परत चार.

मेहरूणकर, रात्री १०:५०

काका, ग्रुपवरचं ते एक वाक्य किती मोठं आहे हे तुम्हाला कळणार नाही. मुलगा हो म्हणाला तर त्याला माझा हा आयडी द्या, तुमच्या आणि थेरपिस्टच्या समोर बोलू, एकट्याने नको, तो अठराच्या आत आहे म्हणून हे पाळूच. आपल्यातलाच कोणी चौतीसचा होतो, नोकरी करतो, शेवभाजी खातो, एवढं त्याने बघितलं तरी पुरे.

अक्का_धुळे, रात्री ११:०५

परत चार आला म्हणून घाबरू नका जिभाऊ. माझ्या मुलीचं दोन वर्षं असंच वर-खाली चाललं होतं. औषधांची चावी अजून भावाकडेच ठेवा, बरं वाटायला लागलं म्हणून परत आणू नका.

काळीमाती, श्रावणात, सकाळी ६:३०

कानबाई बसवली काल. दरवर्षी रोटांच्या दळणाला तो असतो, यंदा येईल का नाही ठरलं नव्हतं. थेरपिस्टसोबत त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं की गर्दीत जीव घाबरला तर काय करायचं, कोणाला खूण करायची. खूण मला करायची होती, कान धरायचा. दोनदा धरला. दोन्ही वेळा आम्ही गाडी काढून नदीवर जाऊन आलो, दहा मिनिटं बसलो, परत आलो. कोणी विचारलं तर पेट्रोल भरायला गेलो होतो.

माझ्या आईला अजून नेमकं सांगितलेलं नाही, पण म्हातारीला काहीतरी कळलंय. मोठ्या काकूने विषय काढला की पोरगं आजकाल कोणात मिसळत नाही, काही बाहेरचं तर नाही ना, दाखवून आणा. तर आई पीठ मळता मळता म्हणाली, मना नातू शे तो, कोन काय म्हनस ते माले सांगू नका. आणि पहिला रोट त्याच्या हातात दिला कानबाईपुढे ठेवायला.

आज विसर्जनाला जाणार आहे म्हणतोय, नाचणार नाही, पण येणार. गिरणाकाठ ताई, एक विचारायचं राहिलं, बारावीनंतर हॉस्टेलला ठेवायचं म्हटलं तर हे सेशन तिथून कसे चालू ठेवायचे, रूममेट असतो ना. सवडीने सांगा, आता ढोल वाजायला लागलाय.